तुझी थट्टा राहिली होती

फराई, तुझा फॉर्म एक्स-रेच्या माझ्याच काउंटरवर आला. मंगळवारी सकाळी, सव्वादहाच्या सुमाराला. नाव, जन्मतारीख, पत्ता, 'घरी कोसळला, शुद्धीवर नाही', डोक्याचा स्कॅन, अर्जंट. मी नाव वाचलं आणि टाइप केलं. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर टाइप केलं. सात वर्षं तू लांबूनच "माय नेहा, तुमच्यासाठी एक कंबर आणि दोन गुडघे आणलेत!" असं ओरडत यायचास. त्या दिवशी तू ट्रॉलीवर आडवा होतास आणि ढकलणारा पोर्टर दुसराच होता. तो काहीच ओरडला नाही. मी त्याला म्हटलं, "रूम टू, प्लीज." रोज सगळ्यांना म्हणते त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे, श्रीकांत, आयसीयूतल्या ड्यूटीवरून खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. कामाच्या वेळात ते कधी खाली येत नाहीत, त्यामुळे बोलायची गरजच नव्हती. तरी ते म्हणाले, "मीरा, गेला गं." मी म्हटलं, "बरं." मग फोन वाजला आणि मी तो उचलला.

आज त्याला सोळा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. मी कामावर जाते, घरी येते, कुकर लावते, बुधवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवते. श्रीकांत दोनदा म्हणाले, "अगं, चार दिवस रजा घे." रजा घेऊन काय करू? घरी बसून न रडण्यापेक्षा कामावर न रडलेलं बरं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं झालंय. आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो. तसा मी रोज हात लावून बघते.

हे मी मराठीत लिहितेय. तुला ते वाचता आलं नसतं, पण तू हरकत घेतली नसतीस. शोना भाषा तुझ्या आईची, एन्देबेले वडिलांची, चेवा मलावीहून आलेल्या आजीची, इंग्रजी शाळेची. पुढे हॉस्पिटलात पोलिश मुलं कामाला लागली तेव्हा आठवड्याभरात त्यांच्या शिव्याही तुझ्या खिशात जमा झाल्या. आपण दोघं इंग्रजीतच बोलायचो. आता आठवताना मात्र तू मला मराठीत ऐकू येतोस, आणि तेही 'अहो', 'तुम्ही' करत. तुमच्याकडे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून मी माय नेहा. आमच्याकडेही मी कितीतरी घरांत 'नेहाची आई'च आहे, हे तुला सांगितलं तेव्हा तू एवढा खूश झालास, जणू मी तुझ्या गावची निघाले.

तू साउथहॅम्प्टनला आलास तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. हरारेत तुझ्या कॅसेटी निघाल्या होत्या, रेडिओवर तुझा आवाज लागायचा, पोरं तुला 'रुरिमी' म्हणायची. रुरिमी म्हणजे जीभ, आणि भाषासुद्धा. हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं, तेही तुझ्या बहिणीकडून. मला तू फक्त तो उंच पोर्टर म्हणून माहीत होतास. उन्हाळ्यातही लोकरीची टोपी घालणारा आणि नेमकी खराब चाकाची ट्रॉली निवडणारा.

त्या ट्रॉलीवरून आपलं पहिलं भांडण झालं. डावीकडचं पुढचं चाक खटखट वाजायचं. मी मेन्टेनन्सला फोन केला, माणूस आला, तेल घालून गेला. तासाभराने तू काउंटरपाशी उभा, चेहरा उतरलेला. "माय नेहा, तुम्ही माझा ड्रम मारून टाकलात." मला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. मग तू मला समजावलंस. वॉर्डापासून एक्स-रेपर्यंतचा कॉरिडॉर म्हणजे एक कडवं. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर चाक ठोका देतं, त्या ठोक्यावर ओळ बसवायची. लिफ्टमध्ये ठोका नसतो, म्हणून तिथे भाषा बदलायची. कागदावर तू काही लिहायचा नाहीस. ट्रॉलीवरच्या माणसाला ऐकवायचास, आणि परत नेताना त्यालाच विचारायचास, "मघाशी मी काय म्हणालो?" त्याला जे आठवेल तेवढं ठेवायचं, बाकीचं टाकून द्यायचं.

मी म्हटलं, "म्हणजे मांडी मोडलेल्या म्हाताऱ्या बायकांकडून तू गाणी तपासून घेतोस?"

"त्या खोटं बोलत नाहीत," तू म्हणालास. "त्यांना घरी जायची घाई असते."

मी पुण्याची आहे. आमच्याकडे अपमान करायला आवाज चढवावा लागत नाही. इकडे आल्यावर सगळ्यात जास्त चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असेल तर ते यामुळे, की इंग्रज लोकांना टोमणा मारला की ते थँक यू म्हणतात. तुला मारला की तू थांबायचास, ट्रॉलीला ब्रेक लावायचास, आणि सव्याज परत करायचास. तुझ्या पहिल्या कार्यक्रमाला मी आले ते आठवतं? डॉकजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, शनिवारी दुपारी, समोर पोराबाळांसकट चाळीसएक माणसं. संपल्यावर तू घामाघूम होऊन विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "तुझ्याच आजारपणाची हिस्ट्री तू चार डॉक्टरांना एकदम सांगतोयस असं वाटलं." तू पोट धरून हसलास आणि तिथल्या प्रत्येकाला बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलंस. आपली दोस्ती त्या दिवशी झाली, असं मी धरते.

नेहा तेव्हा अकरा वर्षांची होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. रविवारी तू जेवायला यायचास, आमटी वाटीने प्यायचास, आणि तिला विचारायचास, "याला काय म्हणतात?" तिला ठाऊक नसलं की तिलाच माझ्याकडे पाठवायचास. तुझ्यामुळे ती पोरगी चमच्यापासून चाळणीपर्यंत सगळं शिकली. मी सहा वर्षं रागावून जे केलं नव्हतं, ते तू आमटी पिता पिता केलंस. मी तुला कधी थँक यू म्हणून म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती, पण म्हणायला हवं होतं.

आणि ते मराठी आजोबा. मुलाकडे आले होते, जिन्यात पडले, बरगड्यांचा एक्स-रे काढायचा होता, आणि रेडिओग्राफरचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जात होतं. मला आत बोलावलं. मी दाराशी उभी राहून म्हटलं, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." तू व्हीलचेअर घेऊन बाहेर थांबला होतास. पुढचे पंधरा दिवस तू ते पाच शब्द लिफ्टला ऐकवलेस, व्हेंडिंग मशीनला ऐकवलेस, सिस्टरला ऐकवलेस. तुझ्या तोंडी 'श्वास'चा पार भुगा व्हायचा. मी कानावर हात ठेवायचे.

एकदा दोन पेशंटच्या मधल्या वेळात तू मला सहविराची गोष्ट सांगितलीस. तुमच्या शोना लोकांत घराचा एक सहविरा असतो. मित्र, पण साधासुधा मित्र नव्हे. त्याने तोंडावर खरं बोलायचं, आणि कुणी राग धरायचा नाही. त्याचं मोठं काम मयताच्या दिवशी. तुझ्या आजोबांच्या वेळी त्यांच्या सहविराने त्यांचा कोट घातला, त्यांची हॅट घातली, त्यांच्यासारखा लंगडत अंगणभर फिरला, त्यांच्यासारखा बायकोवर खेकसला. आणि रडून रडून बसलेली तुझी आजी हसली.

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाची थट्टा? आमच्याकडे असं कुणी केलं तर लोक हाताला धरून बाहेर काढतील."

"मग खरं कोण सांगणार? पास्टर म्हणणार, हा देवदूत होता. माझी आई विचारेल, मग माझा मुलगा कुठाय?" तू टोपी सारखी केलीस. "घरचा सहविरा आता म्हातारा झालाय, आणि तो तिकडे आहे. मला इथे एक लागेल. मी अख्ख्या साउथहॅम्प्टनमध्ये शोधलं, माय नेहा. तुमच्यापेक्षा वाईट जीभ कुणाची सापडली नाही."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एखाद्या बाईला लोक सुगरण म्हणतात, एखादीला सोशिक म्हणतात. मला कुणीतरी माझ्या जिभेसाठी निवडलं. मी म्हटलं, "करीन, पण तू माझ्या आधी जाणार नाहीस, वयाचा हिशेब बघ." तू एकतीस वर्षांचा होतास आणि मी पंचेचाळीसची. आपण दोघंही हसलो आणि तू पेशंटला घेऊन गेलास.

आता त्या शेवटच्या भांडणाचं. ते मला टाळायचंय, म्हणून ते आत्ताच लिहून टाकते.

लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने तुला बोलावलं. तुझी घरी बनवलेली सीडी कुणीतरी त्यांना ऐकवली होती. त्यांना तू आवडलास, तुझा आवाज आवडला, फक्त सगळं इंग्रजीत हवं होतं. मधेमधे एखादा आफ्रिकन शब्द चालेल म्हणाले, चवीपुरता. तू नाही म्हणून आलास. दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर चहा घेऊन बसलास, त्यात चार चमचे साखर घातलीस आणि जसं काही बस चुकली म्हणावं तसं मला ते सांगितलंस. मी चिडले. सात वर्षं तुला ट्रॉल्या ढकलताना बघत होते मी. वाटलं, आता तरी या मुलाचं भलं होईल, आणि हा मुलगा लाथ मारून आला.

मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "फराई, तू लपतोस. कुणाला तू कळायला लागलास की तू भाषा बदलतोस. चार भाषांत बोलणाऱ्या माणसाचं कुणालाच धड काही ऐकू येत नाही, आणि तुला तेच हवंय."

तू हसला नाहीस. मी वाट बघितली. सव्याज परत येईल म्हणून मी चक्क तयार होऊन बसले होते. तू चहा अर्धा सोडून उठलास.

त्यानंतर तीन आठवडे तू काउंटरपाशी येऊन "चेस्ट, बे फोर" एवढंच म्हणायचास. मीही "थँक यू" म्हणायचे. आपण होऊन बोलायला जायचं नाही, हे आम्हा पुण्याच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. एका शुक्रवारी तू ट्रॉली लावून क्षणभर थांबलास, आता बोलशील असं वाटलं. मी मान खाली घालून फाइलमध्ये बघितलं. फाइलमध्ये काही नव्हतं. पुढच्या मंगळवारी तुझा फॉर्म आला.

शनिवारी तुझे लोक हॉलमध्ये जमले. तुला घरी न्यायचे कागद व्हायला वेळ लागणार होता, तोवर रोज गाणी, ढोल, प्रार्थना, जेवण. मी पांढरी साडी नेसून गेले. हॉलमध्ये एवढा आवाज होता की मला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. तुझी बहीण रूदो मला पुढे घेऊन गेली, दुसऱ्या रांगेत बसवलं. मग कुणीतरी तुझं शेवटचं गाणं लावलं. तू ते पुरं केल्याचं मला ठाऊकही नव्हतं.

मी तुझी गाणी नेहमी तुझ्याकडे बघत ऐकली होती. त्या दिवशी तू नव्हतास, म्हणून मी लोकांकडे बघत होते. शोना सुरू झाली तशी अर्धा हॉल मान हलवू लागला, रूदोने तोंडावर हात ठेवला. एन्देबेले आली आणि मागच्या भिंतीपाशी उभे असलेले तीन पुरुष, जे आतापर्यंत पुतळ्यासारखे होते, मोठ्याने काहीतरी ओरडले. मग एक मऊशी भाषा आली. कोपऱ्यात एक म्हातारी बाई एकटी बसली होती, मलावीची, तुझी कुणी नात्याची नव्हे. ती हळूच उभी राहिली. पूर्ण कडवं होईपर्यंत उभी राहिली आणि मग बसली. हॉलमध्ये तेवढं तिला एकटीलाच कळलं होतं. आणि शेवटी, ठोका थांबल्यावर, तुझा आवाज आला. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." भुगा न करता. नेहाने फोनवर तुझ्याकडून महिनाभर घोटून घेतलं होतं, हे ती मला नंतर म्हणाली. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला, कारण हे कुणासाठी आहे ते बाकीच्यांना कळलं नव्हतं, आणि उरलेली मीच होते.

तू लपत नव्हतास. तू एकेकाला त्याच्या जागेवर जाऊन हाक मारत होतास. आणि हे ढोबळ, लहान मुलालाही दिसेल असं, मला तू गेल्यावर तीन दिवसांनी दिसलं.

त्याच वेळी तुझ्या काकांनी विचारलं, "फराईचा सहविरा कोण?" रूदोने माझ्याकडे बोट केलं. कुणीतरी तुझी टोपी आणून माझ्या हातात दिली. सगळे थांबले. काही जण आधीच हसायच्या बेतात होते. मी उभी राहिले. मला तुझी चाल करून दाखवायची होती, तुझा आवाज काढायचा होता. तोंड उघडलं तर तिथे एकच वाक्य होतं, कॅन्टीनमधलं. मी हात जोडून नमस्कार केला आणि खाली बसले. टोपी मांडीवर तशीच राहिली.

मग जेवणं झाली. रूदोने माझ्यासमोर ताट धरलं. मक्याच्या पिठाची ती घट्ट उकड, पालेभाजी, मटण. मी म्हटलं, "नको, खरंच नको." मयताच्या घरी आपण खात नाही, हे माझ्या हाडात आहे. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. टोपी खुर्चीवर ठेवून मी उठले आणि कुणालाही न सांगता निघाले. आमच्याकडे अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत, गुपचूप उठून जातात. घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली. मला वाटलं, एवढं तरी मी सगळं रीतसर केलं.

सोमवारी रूदोचा फोन आला. ती रागावली नव्हती. तिचा आवाज एवढा सावध होता की मला त्यापेक्षा राग परवडला असता.

"माय नेहा, माझ्या भावाने तुमचं काय वाईट केलं होतं?"

"अगं, काहीच नाही. असं का विचारतेस?"

"तुम्ही त्याची थट्टा केली नाहीत. आमच्यात बसून जेवला नाहीत. निरोप न घेता गेलात. सहविरा असं करते तेव्हा अर्थ एकच होतो. त्यांचं भांडण मिटलेलं नाही." ती थांबली. "मी आईला काय सांगू? ती रोज विचारते, सहविरा काय बोलली. तिला वाटतंय, माझा मुलगा कुणाला तरी दुखवून गेला."

मी तिला आमच्या रीतीभाती सांगितल्या. न खाणं, न बोलणं, गुपचूप निघणं, सगळं. तिने शांतपणे ऐकलं, "अच्छा, ओके, आय सी," म्हणाली. पण भांडण नव्हतं असं मला म्हणता आलं नाही. रीत खरी होती आणि तिचा अंदाजही खरा होता. एडिनबराहून नेहाचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती तिथे कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, तिचं मराठी अजून एकेका शब्दाला अडखळतं. ती म्हणाली, "आई, त्याने तुला चूज केला होता कारण तू मीन आहेस. आता तू नाइस होऊ नकोस ना. दॅट्स सो मीन."

गुरुवारी सकाळी तुला विमानतळावर न्यायचं होतं. त्याआधी तासभर फ्युनरल डिरेक्टरच्या मागच्या खोलीत ठेवणार होते. मी रूदोला विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "अजून वेळ आहे."

खोलीत जाड गालिचा, टेबलावर टिशूंचा डबा, खिडकीतून पार्किंग दिसत होतं. रूदो, तुझे काका, कोपऱ्यातली ती मलावीची बाई, आणि हॉस्पिटलचे सहा पोर्टर, युनिफॉर्ममध्येच, शिफ्टमधून तासाची सुट्टी घेऊन आलेले. शवपेटीचं झाकण बंद होतं. रूदोने फोनकार्डाचा नंबर दाबला, चौथ्या प्रयत्नाला लाइन लागली, आणि तिने मोबाइल स्पीकरवर करून तुझ्या छातीपाशी लाकडावर ठेवला. पलीकडे तुझी आई होती. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि कुठेतरी कोंबडा.

मी टोपी मागितली. घातली. मला ती कानांवर आली. मग मी दोन्ही हात पुढे धरून, डावा खांदा उडवत, त्या गालिचावरून तुझ्यासारखी चालले. पन्नाशीची, साडी नेसलेली बाई. पोर्टरांपैकी एकाच्या नाकातून आवाज आला. मी थांबले, ब्रेक लावला, काल्पनिक पेशंटकडे वाकले आणि तुझ्या आवाजात विचारलं, "मॅडम, मघाशी मी काय म्हणालो?" आणि मग म्हातारीच्या आवाजात, "यंग मॅन, तू मला गेली वीस मिनिटं टॉयलेटला नेतोयस." सगळे हसले. मला स्वतःचा आवाज लांबून येत होता, पण तो थांबत नव्हता. मी म्हटलं, हा माणूस पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावायचा, कारण कडवं व्हायचं असायचं. पेशंट कॉरिडॉरमध्ये कुडकुडायचा आणि हा यमक शोधायचा. याला चार भाषा यायच्या, पण 'सॉरी, उशीर झाला' हे एकाही भाषेत यायचं नाही. चहात साखर घालायचा नाही, साखरेत चहा घालायचा. सूर लावायला गेला की आमच्या डिपार्टमेंटचे लोक फायर अलार्म समजून दाराकडे बघायचे. रूदो एकेक वाक्य शोनात करून फोनला सांगत होती, आणि हसता हसता तिचे डोळे वाहत होते.

फोनमधून तुझ्या आईने काहीतरी विचारलं. रूदो म्हणाली, "आई विचारते, एवढंच? माझा मुलगा एवढा चांगला नव्हता. सहविरा काहीतरी राखून ठेवतेय."

पोर्टर हसले. मी नाही हसले. बाई पाच हजार मैलांवर बसून माझ्या आतलं बघत होती. मी टोपी काढली.

मी म्हटलं, "त्याचं सगळ्यात वाईट म्हणजे तो ऐकायचा नाही. मी त्याला म्हटलं, एका भाषेत गा. त्याने ऐकलं नाही. मी त्याला म्हटलं, तू लपतोस. तो चहा टाकून गेला, आणि तीन आठवडे आम्ही बोललो नाही. तो बोलायला थांबला होता. मी मान वर केली नाही."

रूदोने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि सांगितलं. मग तुझी आई बोलली, सावकाश, आणि रूदोने तसंच सावकाश मला सांगितलं. "आई म्हणते, ते मीही त्याला म्हटलं होतं. तो निघाला त्या दिवशी. म्हटलं, गोऱ्यांच्या देशात जातोयस, त्यांचीच भाषा गा, पोट भर. माझ्यावरही तो रुसून गेला होता. आई म्हणते, आता तिच्यासाठीही बोला. तिथे तुम्ही आहात, ती नाही."

सहा पोर्टर दारापाशी उभे राहिले. गाडी आली होती. मी जवळ गेले आणि लाकडावर हात ठेवला. हाताला काही लागत नव्हतं, नुसतं लाकूड. मी आम्हा दोघींच्या वतीने, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, तुला म्हटलं, फराई, तू बरोबर होतास, आम्ही चुकलो. मग मी सवयीने थांबले, तुझ्या उत्तरासाठी. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा तू मला उलट बोलला नाहीस.